नुसती गुळणी

कबड्डीत दम लागतो, म्हणून पाणी प्यायचं नाही. लालबागच्या आमच्या मंडळात हा नियम होता आणि तो कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरावात घसा सुकला की कडेच्या कळशीतलं पाणी तोंडात घ्यायचं, खळखळवायचं आणि थुंकायचं. कुणी चोरून घोट गिळला, तर त्याच्या गळ्याची हालचाल मास्तरांना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची.

"पोटात डुबडुब वाजेल रे. चढाई करणार की पखाल वाहणार?"

विसाव्या वर्षी एका कंपनीच्या संघाची निवड आमच्याच मैदानावर होती. संघात घेतलं की नोकरी पक्की. गिरणी बंद झाल्यापासून आमच्या घरात बाबांच्या खोकल्याशिवाय पक्कं असं काही उरलं नव्हतं. अडचण एवढीच की माझं वजन गटापेक्षा किलोभर जास्त भरत होतं. मास्तर म्हणाले, उतरव. आदल्या दिवशी मी जेवण सोडलं, पाणी सोडलं, आणि मे महिन्याच्या उन्हात रेनकोटवर स्वेटर चढवून फेऱ्या मारल्या. लघवी चहाच्या रंगाची झाली तेव्हा मला आनंदच झाला. इतका मी गाढव होतो.

सकाळी वजन बसलं. सामन्याला तासभर होता. तेवढ्यात आई डबा घेऊन मैदानावर आली.

"झिला, वायच पेज पी. मीठ घातलंय."

कंपनीचे साहेब खुर्च्यांवर बसलेले, आणि ही पेज घेऊन उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू जा गं घरी," मी म्हणालो. ती डबा पदराखाली झाकून गेली. मी गुळणी केली आणि मैदानात उतरलो.

शेवटच्या चढाईत दोघांना शिवून मी वळलो आणि उजव्या पोटरीत गोळा आला. मधली रेषा हातभर लांब होती. पाय उचललाच गेला नाही. तिघे अंगावर पडले. गुडघा गेला हे मला आवाजावरूनच कळलं.

"पोटात अन्न नाही, पाणी नाही, मीठ नाही," डॉक्टर म्हणाले, "पाय चालेल कशावर?" म्हणजे त्यांनी पेजच सांगितली. आईला मी हे कधी बोललो नाही. आता बोलायला ती नाही. जिना उतरताना गुडघा अजून दुखतो आणि दर पायरीला मला स्वतःचा राग येतो.

यंदा माझी मुलगी जिल्ह्याच्या निवडीला गेली. तिलाही खेळातूनच नोकरी हवी आहे, दुसरं काही दिसत नाही. पहाटे उठून मी पेज केली, मीठ घातलं, डबा पिशवीत ठेवला. मैदानावर तिचं वजन तीनशे ग्रॅम जास्त भरलं. अर्ध्या तासाने पुन्हा काटा. तिने न सांगता रेनकोट चढवला आणि पळत सुटली. चौथ्या फेरीला माझ्यापाशी थांबली. ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, एकच घोट."

पिशवी माझ्या खांद्यावर होती. मी बाटली पुढे केली.

"गुळणी कर," मी म्हणालो. "गिळू नकोस."

ती खळखळवून थुंकली आणि पुन्हा पळायला लागली.