उचल

माझ्या थोरल्या जावेचं आणि माझं पटत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी लग्नसराई आली की शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुठूनही बोलावणं येतं ते आम्हा दोघींना मिळूनच. आम्ही लग्नात धवले गातो, आणि धवला एकटीला गाता येत नाही. एकीनं ओळ घालायची. ती संपत आली की दुसरीनं शेवटचा शब्द पकडून तीच ओळ पुन्हा म्हणायची, तोवर पहिलीनं दम घ्यायचा आणि पुढची ओळ घालायची. या पकडण्याला आम्ही उचल म्हणतो. मध्ये खंड पडता कामा नये. ओळ तुटली की नवरीचा संसार तुटतो असं बायका मानतात, आणि दहावी शिकलेली असूनही मी मानते.

आम्हा दोघींना सासूनं शिकवलं. ओळ घालायचं काम तिनं मला दिलं, मी धाकटी असून, आणि उचल थोरलीला दिली. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखतंय. मला विचाराल तर सासूचं काही चुकलं नव्हतं.

थोरलीची रीत अशी. लग्न जवळ आलं की ती चिंच खात नाही, ताकाला तोंड लावत नाही. शेतावर एकटी असली की सासूचे धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमानं म्हणते, आणि मध्ये एखादा शब्द अडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. सासूनं दिलं त्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही, असा तिचा हट्ट. मला असल्या हट्टाचा वीट येतो. मी आदल्या दिवशी लग्नघरी जाऊन बसते, चहा पिते आणि बघत राहते. नवरा कसाऱ्याला रेल्वेत असेल तर त्याचा पास, मांडवामागे रांगेत ठेवलेले सिलेंडर, करवलीच्या हातातून न सुटणारा मोबाइल, सगळं मला ओळीत हवं असतं. मग घरी भाकऱ्या थापताना शब्द चालीत बसवायचे. ‘सिलेंडर’ काही केल्या बसेना, तेव्हा त्याला ओढूनताणून ‘शिलिंडरा’ केलं आणि बसवलं. मांडवात हशा पिकतो आणि थोरलीच्या कपाळाला आठ्या पडतात.

पण एक गोष्ट कबूल करावी लागते आणि तिचाच मला जास्त राग येतो. माझी ओळ कितीही नवी असो, आयुष्यात कधी न ऐकलेली असो, थोरलीनं उचल एकदाही चुकवली नाही. कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड करून ती उचलते, पण उचलते. दुसऱ्या कुणाला हे जमत नाही. मी एक-दोघींना बरोबर घेऊन पाहिलं, त्या नव्या ओळीला गप्प बसल्या आणि मला त्यांच्या वाटची ओळही म्हणावी लागली. घसा बसला माझा. म्हणून पुन्हा थोरलीच.

आमचं बोलणं बंद झालं ते डोळखांबकडच्या एका लग्नात. गाणं संपल्यावर सगळ्या बायकांदेखत ती म्हणाली, “गाना म्हंजे भाजी नाय, रोज नवी टाकायला.” मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. मी म्हटलं की शिळं खाऊन पोटात दुखतं, ते तुम्हाला बघूनच कळलं. त्या दिवसापासून आम्ही एकाच जीपनं लग्नाला जातो, ती पुढे बसते आणि मी मागे. मध्ये ठाण्याहून कॉलेजातली एक मुलगी गाणी रेकॉर्ड करायला आली होती. तुम्ही गाणी कशी रचता, असं तिनं थोरलीला विचारलं. थोरली म्हणाली, आमी रचत नाय, रचणाऱ्या येगल्या. मी शेजारीच बसले होते, पण माझ्याकडे मानही वळवली नाही.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीच्या आईनं धवले गायचे नाहीत. आईला रडू येतं आणि ओळ तुटते, म्हणून ही चाल. म्हणजे ओळ थोरलीच घालणार आणि उचल आमच्या एका चुलत नणंदेकडे. तिला सासूचे सगळे धवले पाठ आहेत, काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती. पाठवणीच्या धवल्यात एकेका नातेवाइकाची ओळ येते, मामाची, काकाची, भावाची, आणि सगळ्यात शेवटी आईची. मांडवातली ओळ माणसाला चिकटते. खालच्या आळीतल्या एकीला कुणीतरी गाण्यात ‘तुरूतुरू’ म्हटलं होतं, तिला नातवंडं झाली तरी ती तुरूतुरूच राहिली. आणि माझी ओळ आता थोरलीच्या तोंडात होती. ती मला वगळू शकत होती. वगळलं असतं तर सोयऱ्यांसमोर, मुलीसमोर मी मांडवात नसल्यासारखीच झाले असते. या विचारानं माझी झोप उडाली.

हळदकुंकू घेऊन तिला सांगायला जाणं भाग होतं. ती ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती. बस म्हणाली नाही. मी विचारलं, गाणार ना? सूप न थांबवता ती म्हणाली, पोर आमच्या घरची हाय, गाणार. माझी ओळ कशी घालणार हे विचारायला जीभ शिवशिवत होती, पण तिच्यापुढे पदर पसरण्यापेक्षा मी घरी आले.

लग्नाच्या दिवशी बेंजोवाल्यांना जेवायला बसवलं आणि दुपारी पाठवणीचा धवला सुरू झाला. मुलगी पाटावर उभी, जवळ थोरली आणि नणंद, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून. थोरली सासूच्याच शब्दांत गात होती. मामा झाला, काका झाला. मी रडत नव्हते. खरं सांगायचं तर मी तिची चूक शोधत होते. दम कुठे कमी पडतो, सूर कुठे उतरतो, याकडे माझं सगळं लक्ष होतं. लेक सासरी निघाली होती आणि मी जावेचा श्वास मोजत होते.

आईची ओळ आली. सासूच्या धवल्यात आईचा पदर पाण्यानं भिजतो. थोरलीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि ओळ घातली:

“लेक निघाली दारात गो, आईचा डोला कोरडा,
चुकी धराया हुबी गो, आईचा कान उघडा.”

ही ओळ सासूची नव्हती. ही कुणाचीच नव्हती. जन्मभर एक शब्द न बदलणाऱ्या बाईनं ती तिथं उभ्याउभ्या केली होती, चालीत चपखल बसली होती आणि अक्षरन् अक्षर खरी होती. मला भर मांडवात कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

आणि चुलत नणंद गप्प. तिला ओळ कळलीच नव्हती. ती तोंड उघडं टाकून थोरलीकडे पाहत होती. ‘उघडा’चा शेवटचा सूर थोरलीनं लांबवला, आणखी लांबवला, तिच्या मानेची शीर ताठली. पुढची ओळ ती घालत नव्हती. ती माझ्याकडेच पाहत होती. मला कळलं, ही ओळ उचलणारी मांडवात एकटी मी आहे आणि हे तिला पक्कं माहीत होतं. मुलीनंही माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी उचलली. आईनं गायचं नसतं, तरी उचलली. माझा डोळा कोरडा आणि माझा कान उघडा, असं मी माझ्याच तोंडानं, सगळ्या गावासमोर, सोयऱ्यांसमोर म्हटलं, आणि म्हणताना डोळ्यांतून धार लागली. शेवटच्या शब्दावर थोरलीनं पुढची, निरोपाची ओळ घातली. ती मी उचलली, त्याच्या पुढचीही. इतकी वर्षं मी पुढे आणि ती मागे होती. त्या दुपारी ती पुढे होती आणि मी तिच्या मागून, पार शेवटपर्यंत.

गाडी गेली. पोरी रडत होत्या, मांडवात खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. थोरली चपला शोधत माझ्याजवळ आली. त्या डोळखांबच्या लग्नानंतर ती स्वतःहून माझ्याशी कधी बोलली नव्हती. चपलेत पाय घालता घालता म्हणाली, “उचल बरी व्हती तुजी. जरा उशिरा आली.” आणि निघून गेली.

उशीर झाला होता, हे खरं आहे. मुलीकडे पाहिल्यावर आवाज फुटायला वेळ लागला. हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.