भाताचा कोरडा गोळा

आमच्या घरात मासे येणं बंद झालं ते माझ्यामुळे. बायकोला बोंबील आवडतात. आता माहेरी गेली की खाते.

माझ्या घशात काहीतरी अडकलंय. आधी वाटलं, काटा असेल. काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, ही आमच्याकडची रीत. गिळला. काटा असलाच तर गेलाही असेल, अडकल्यासारखं वाटणं मात्र राहिलं. दुर्बिणीतून तपासलं, घसा स्वच्छ. तरी मी रोज जेवणाच्या शेवटी एक गोळा गिळून बघायचो. उतरला की खात्रीसाठी आणखी एक.

पनवेलच्या घशाच्या डॉक्टरांनी एक प्रश्नावली दिली. घशाकडे किती लक्ष जातं, गिळताना भीती वाटते का, सारखं तपासून बघता का. ‘कधीच नाही’पासून ‘सतत’पर्यंत कुठेतरी खूण करायची. मी सगळीकडे ‘क्वचित’वर केली.

“क्वचित?” शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली. “अहो, मग रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च घेऊन तुमच्या घशात कोण बघतं, शेजारीण?”

मी कागद पुढे सरकवला. काळजी जास्त निघाली तर सगळं मनाचंच म्हणून डॉक्टर घशात बघायचंच सोडून देतील, आणि आत गाठ असली तर ती वाढत राहील, ही माझी भीती. तेव्हा ती कुणाला बोललो नाही.

“काळजी फारशी दिसत नाही,” डॉक्टर म्हणाल्या आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या.

त्याच आठवड्यात आमच्या सुकापूरच्या घरी जेवताना मुलीने वरणभात संपवला, पांढऱ्या भाताचा गोळा वळला आणि न चावता गिळला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तरी दुसरा वळायला घेतला.

“अगं, काय करतेस?”

“बघतेय, बाबा. उतरतोय का.”

“वरणभातात काटा कुठून येईल?”

“तुला तरी कुठे असतो? माझ्या पण घशात आहे काहीतरी.”

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी आवंढा गिळला, आणि तेव्हाही लक्ष तो कुठे अडकतो याच्याकडेच होतं.

काल पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. मागच्या वेळी खोटं लिहिलं, म्हणालो. नवा कागद मागितला आणि बायकोसमोर एकेक ओळ वाचत ‘सतत’वर खुणा केल्या. मुलीबद्दल त्यात प्रश्न नव्हता. तो मीच विचारला.

“तिचं जाईल ना हे?”

“आधी तुमचं बघू,” डॉक्टर म्हणाल्या आणि खुर्ची जवळ ओढली. टॉर्च त्यांनी उचललाच नव्हता. मी मात्र आ करून बसलो होतो.