चाचांचा फिरता संसार

वरोऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या चाचांइतका बसण्याचा वैरी माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला नसेल. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, पण गिऱ्हाइकाचा हात भरून होईपर्यंतसुद्धा त्यांना धीर धरवत नसे. मधेच उठून रस्त्यावर डोकावून येत, आणि ती बाई बिचारी हात पुढे धरून तशीच बसलेली! जेवायचे ते उभ्यानं, आणि दाढी करायचे अंगणात फेऱ्या मारत.

अशा माणसाला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरच्या एका दुकानात प्लास्टिकचे कप्पे दिसले आणि त्यांचा जीवच जडला. पांढरे, गोल, गुडघ्याएवढे, पुढे सरकतं दार. एकावर एक ठेवले की खटकन बसत. खिळा नाही, स्क्रू नाही. आमच्याकडे लाकडाला उधळी, म्हणजे वाळवी, लागायची आणि पत्र्याला गंज चढायचा. या कप्प्यांना दोन्हीही शिवत नसत. पण चाचांचं प्रेम त्यासाठी नव्हतं. "लाकडाचं कपाट एकदा बसलं का बसलंच," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "हे पाहा भाऊ, म्हणान तिथी चालते."

आणि ते चालवतच. सकाळी दुकानात मनोरा, दुपारी त्याचे तुकडे पलंगाशेजारी, संध्याकाळी अंगणात चहाचं मेज. आतलं सामानही सोबत फिरे. चाची मीठ शोधायला जात तर हिरव्या बांगड्या निघत. एकदा तर दुकानात चाचांनी गिऱ्हाइकासमोर मोठ्या ऐटीत दार सरकवलं आणि आत कांदे. "नवरा तसा लाखात एक आहे," चाची माझ्या आईला सांगत, "फक्त त्याले कुलूप लावता आलं पाह्यजे होतं."

त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, नसीमला पाहायला कोरपन्याहून पाहुणे आले, तेव्हा चाचींनी चाचांना शपथच घातली : आज कप्प्यांना हात लावायचा नाही. शेजारी म्हणून मी आणि वडील हजर होतो. चाचा पाय हलवत, बोटं मोडत कसेबसे बसले होते. तेवढ्यात मुलाच्या आईनं सहज विचारलं, "हे कपाट अख्खंच येते काय?"

संपलं. चाचा उठले, वरचा कप्पा उचलून त्यांनी आडवा केला, दार सरकलं आणि घाईघाईत कोंबलेला सगळा पसारा पाहुण्यांच्या पायाशी आला. उशीचे अभ्रे, लसूण, चाचांची भोकं पडलेली बनियन! चाचींनी तोंडावर पदर घेतला. चाचांना कशाचं भान नव्हतं, ते कप्प्याची खाच दाखवण्यात गुंगले होते. मग नसीम आतून आली, बनियन उचलली आणि शांतपणे म्हणाली, "आमच्या घरी असंच असते. पसंत नसन तर आताच सांगा."

मुलाची आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "मले पसंत आहे," ती म्हणाली.

लग्नात नसीमनं लोखंडी कपाट नको म्हटलं आणि अर्धे कप्पे मागितले. चाचांनी दिले. नंतर कितीतरी दिवस ते उरलेले कप्पे नुसते या खोलीतून त्या खोलीत नेत राहिले, कुठंच त्यांचं मन भरेना. काही वर्षांनी त्यांना नागपुरात तसाच नवा कप्पा मिळाला. आणून जुन्यावर ठेवला, तर खटकन बसला! चाचा मोहल्लाभर सांगत फिरले, "इतकी वर्सं झाली, साचा तोच! चांगली चीज काऊन बदलावी?"

"हे तुम्ही सांगून राह्यले?" चाची म्हणाल्या.

पुढे चाचा अंथरुणाला लागले. नसीम धावत आली. मीही भेटायला गेलो होतो. त्यांना बरं वाटावं म्हणून तिनं कप्प्यांच्या मनोऱ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "अब्बा, सांगा, आज कुठी नेऊ?"

"राहू दे," ते म्हणाले. "तू बस माह्याजवळ."

नसीम बसली. दारात उभ्या असलेल्या चाचीही आत आल्या आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.