यतीनंतरची सात अक्षरं

मुलीच्या लग्नाच्या कामांची यादी मी फ्रिजच्या दारावर लावली होती. हलवाई, लॉनचं बुकिंग, मेहंदीवाली, नागपूरहून येणाऱ्यांची तिकिटं, मुंडावळ्या (लखनौत मिळत नाहीत, भावाने आणायच्या). एकेका कामापुढे खूण होत गेली. ‘मंगलाष्टका’ या कामापुढे मात्र होईना. ते मी स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं, त्यामुळे ओरडायलाही दुसरं कोणी नव्हतं.

आमच्या घरी मंगलाष्टका छापील पुस्तकातून म्हणत नाहीत. घरातल्याच कोणीतरी त्या लिहायच्या, वधूवरांमध्ये आंतरपाट धरला की मामाने म्हणायच्या, प्रत्येक कडव्याअखेरीस ‘सावधान’ म्हणायचं आणि अक्षता पडायच्या. पूर्वी माझे सासरे लिहीत. अलीगंजच्या याच घरात बसून रेल्वेतल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या लेकीसुनांसाठी त्यांनी कडवी लिहून दिली. ते गेल्यावर हे पहिलंच लग्न.

“तूच लिही,” सासूबाई म्हणाल्या. “कविता नाही जमायची तुला, पण मोजणी जमेल. अर्धं काम तिथेच होतं.”

मलाही तसंच वाटलं. मंगलाष्टकेची चाल ठरलेली असते, कारण तिचं वृत्त ठरलेलं असतं: शार्दूलविक्रीडित. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. एका ओळीत एकोणीस अक्षरं. ऱ्हस्व अक्षर लघू, दीर्घ ते गुरू. ऱ्हस्वाच्या पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागे पडला, की तेही गुरू होतं. कुठल्या जागी लघू आणि कुठल्या जागी गुरू हे पक्कं. बाराव्या अक्षरानंतर थांबायचं, त्या थांब्याला यती म्हणतात, मग उरलेली सात अक्षरं म्हणायची. चौकटीच्या कागदावर मी एकोणीस घरं आखली, वर खुणा केल्या आणि शब्द भरायला बसले. रेशनच्या डब्यांना लेबलं लावण्याइतकं सोपं काम वाटलं होतं.

तसं ते नव्हतं. मला जे म्हणायचं होतं ते घरात मावेना, आणि घरात जे मावत होतं ते मला म्हणायचं नव्हतं. ‘माझी’ हे दोन गुरू, ते जिथे बसत तिथे ‘लेक’ बसेना. ‘मुलगी’ला दोन लघू आणि एक गुरू लागतो, तशी जागा सापडली की पुढचा शब्द दारात अडकायचा. सासूबाईंना घरी एकटं सोडता येत नव्हतं, त्यामुळे बाहेरची कामं नवऱ्याकडे गेली. मी मागच्या खोलीत त्या चौकटींसमोर. खिडकीतून गल्लीतल्या स्कूटरी जाताना दिसायच्या आणि मी बोटांवर लघू-गुरू मोजत बसलेली. भाजी फोडणीला टाकतानाही माझं मोजणं चालू असायचं.

शेवटी वाट सापडली. जुन्या कडव्यांतले शब्द आधीच मापाने कापून ठेवलेले असतात. ते घेतले की ओळ आपोआप उभी राहते. मी लिहिलं:

झाली आज वधू सलज्ज वदना, लक्ष्मी जशी शोभते

मात्रा चोख, यती जागेवर, लक्ष्मीची उपमा, ‘वधू’ आणि ‘वदना’चा थोडा अनुप्रासही. पुढच्या ओळीला ‘शोभते’शी जुळणारं यमक: लोभते. कडवं हा हा म्हणता झालं. सासूबाईंनी डोळे मिटून चालीवर म्हणून पाहिलं. “बसलं,” त्या म्हणाल्या. आमच्याकडे ही मोठी पावती आहे.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली. तिला मराठी कळतं, बोलते मात्र निम्मं हिंदीत. मी तिला ओळ म्हणून दाखवली आणि अर्थ सांगितला.

“सलज्ज मतलब?”

“लाजरी.”

ती हसलीच. “आई, मैं? लाजरी? तू पक्का सांग, ही मीच आहे ना? किसी और की शादी का पर्चा तो नहीं उठा लाई?”

“अगं, वृत्तात बसायला नको?” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, वृत्त में तो बैठ गई. पर मैं कहाँ बैठी हूँ इसमें?” मग माझ्याकडे वळून ती थोडी शांत झाली. “देखो आई, तू तो सामने होगी नहीं. किमान तुझं लिहिलेलं तरी तुझ्यासारखं असू दे. असंच काहीतरी होणार असेल तर राहू दे, पंडित जी मंत्र पढ़ देंगे.”

तू समोर नसशील, हे ती बरोबर म्हणाली. आमच्याकडे लग्न लागताना मुलीची आई मांडवात थांबत नाही. ती आत खोलीत तुळशीला पाणी घालत बसते आणि अक्षता पडल्यावरच बाहेर येते. मुलीने हे मोडायला सांगून पाहिलं होतं. एकदा हट्टाने, एकदा रडून. सासूबाईंनी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही फार जोर लावला नाही. पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या बायकांच्या रांगेतून मी एकटीने उठायचं, आणि पुढे काही वेडंवाकडं झालं तर? हे ‘तर’ माझ्या मनातून जाईना. म्हणजे माझ्या लेकीच्या आयुष्यातल्या त्या घटकेला माझ्या वतीने समोर उभं राहणार होती ती फक्त दोन-दोन ओळींची कडवी. आणि त्यांत मी परक्याच कोणाची तरी मुलगी उभी केली होती.

मी कागद फाडला. चौकटी नव्याने आखल्या.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मुलीने नेहमीसारखी घरभर आरोळी ठोकली, “मेरी चाबी किसने देखी?” नवरा सोफ्याखाली वाकला, सासूबाई देवघरात पाहू लागल्या, मी पीठ मळलेल्या हाताने फ्रिजवर. स्कूटरची ती किल्ली आमच्या घरात रोज हरवते आणि रोज भलतीकडे सापडते. दाराजवळची खुंटी मी खास तिच्याचसाठी ठोकून घेतली आहे. त्या खुंटीवर किल्ली कधीही नसते.

शोधता शोधता मी बोटं मोजायला लागले.

किल्ली स्कूटरची कुठे विसरली, शोधीत सारे घरी

एकोणीस. सगळे लघू-गुरू जागच्या जागी. मी पिठाच्या हातानेच ते लिहिलं. दुसरी ओळ यायला संध्याकाळ झाली, आणि ती आली तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

नाही शोधत आज कोण, दिसते ती शांत खुंटीवरी

सासूबाईंनी डोळे मिटून दोन्ही ओळी म्हटल्या. “मंगलाष्टकेत स्कूटर?” त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा चालीवर म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, “बसलं.” मग कुलदैवताचं आणि सासऱ्यांच्या आठवणीचं, अशी आणखी दोन कडवीही झाली. मुलीला मी काही दाखवलं नाही. ‘तुझं आहे’, एवढंच सांगितलं.

लग्न जानकीपुरममधल्या एका लॉनवर होतं. मुहूर्त दुपारचा. मुलाकडची मंडळी लखनौची, त्यांची लग्नं रात्री लागतात. “दिन में शादी? समधन जी, हमें तो लग रहा है रिहर्सल में आए हैं,” विहीणबाई म्हणाल्या, पण आल्या मात्र सगळे नटूनथटून. मी भावाला कडव्यांचा कागद दिला, हलवायाला पुऱ्या कधी सोडायच्या ते सांगितलं, आणि सासूबाईंनी मला हाताला धरून लॉनच्या कडेच्या खोलीत नेलं. तिथे गाद्या रचलेल्या होत्या, कोपऱ्यात तुळशीची कुंडी, शेजारी पाण्याचा तांब्या आणि पळी. खिडकीला बारीक जाळी, त्यातून शामियान्याची पाठ तेवढी दिसत होती.

“बस. आणि उठू नकोस,” त्या म्हणाल्या. दार ओढून घेतलं. मग बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला.

“अहो आई, कडी कशाला?”

“तुला एखादं काम आठवेल आणि तू बाहेर येशील. मी ओळखते तुला.”

मी बसले. पळीने पाणी घालत राहिले. खोलीत गाद्यांचा कोंदट वास होता आणि पंखा नुसताच घरघरत होता. माझ्या मुलीचं लग्न दहा पावलांवर होतं आणि मला ते फक्त भोंग्यातून ऐकायचं होतं. भटजींचा आवाज आला. मग भावाचा. त्याने पहिलं कडवं म्हटलं, कुलदैवताचं. मी डाव्या हाताच्या बोटांवर अक्षरं मोजत होते. त्याने एक गुरू गिळला, तो मला तिथे बसून टोचला. सावधान. मग दुसरं कडवं, आजोबांच्या आठवणीचं. सावधान.

मग शेवटचं, ‘किल्ली स्कूटरची’.

आधी एक हसू आलं. तिचंच. आंतरपाटामागे नवरीने हसू नये म्हणतात, पण ते भोंग्यातही शिरलं. तिच्यामागे सगळा शामियाना हसला. मुलाकडच्यांना बाकी मराठी कळलं नसेल, स्कूटर नक्की कळली.

“नाही शोधत आज कोण, दिसते...” भावाने म्हटलं आणि यतीवर थांबला.

यतीचा थांबा श्वासाएवढा असतो. हा लांबला. भोंग्यातून नुसती खरखर. मला माहीत होतं काय झालंय ते. तो लहानपणापासून असाच आहे, पुढची हळवी ओळ डोळ्यांना दिसली की त्याला रडू येतं आणि शब्द फुटत नाही. पण मुलाकडच्यांना वाटलं, हा कसलेला शायर आहे, मुद्दाम अडवून धरतोय. लखनौत शेर अर्ध्यावर थांबला की ऐकणारे तो उचलून धरतात.

“वाह!” कोणीतरी म्हणालं.

“क्या रोका है साहब! मुकर्रर!”

“मुकर्रर, मामा जी!”

मुकर्रर म्हणजे पुन्हा म्हणा. बिचाऱ्याने पुन्हा म्हटलं, “नाही शोधत आज कोण, दिसते...” आणि पुन्हा तिथेच अडकला. आता दाद आणखी जोरात. आणि आमच्या बाजूची माणसं गप्प झालेली मला खोलीत कळत होती. आमच्याकडे मंगलाष्टकेची ओळ तोडत नाहीत. ती पुरी झाल्याशिवाय सावधान म्हणता येत नाही, आणि सावधान झाल्याशिवाय आंतरपाट खाली येत नाही. भटजींचं खाकरणं ऐकू आलं. मुहूर्ताची घटका सरत होती. माझी मुलगी त्या कापडामागे उभी होती, आणि ओळीचा दुसरा अर्धा भाग तोंडपाठ असलेली बाई कडी घातलेल्या खोलीत होती.

मी उठले. दाराकडे गेलेच नाही. खिडकीच्या जाळीला तोंड लावलं आणि मला येत नसलेल्या त्या चालीवर, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटलं:

“ती शांत खुंटीवरी!”

आवाज फाटला. पण सातही अक्षरं होती. मग भावाने “सावधान!” म्हटलं, सगळ्या शामियान्याने ते उचललं आणि वाजंत्री सुरू झाली. अक्षतांचे थोडे दाणे शामियान्याच्या कापडावरून घरंगळत खिडकीपाशी आले.

मी परत तुळशीपाशी बसले. आता कोणीतरी येईल. कोणी आलं नाही. बाहेर हार घालून झाले, फोटो सुरू झाले, पुऱ्यांचा वास आला. सगळं अगदी मी आखलेल्या क्रमाने चाललं होतं. कार्यक्रमपत्रिका मीच केली होती, आणि तीत ‘आईची कडी काढणे’ हे काम मी कोणाच्याच नावावर टाकलं नव्हतं.

पुष्कळ वेळाने कडी सरकली. दारात मुलगी उभी होती. मुंडावळ्या एका कानावर आलेल्या, हार वाकडा, काजळ गालावर. तिच्यामागे जावई तिचा शालू आवरत आणि सासूबाई काठी टेकत.

“सप्तपदी रुकी है,” मुलगी म्हणाली. “मी सांगितलं, आई येईपर्यंत पाऊल उचलणार नाही.”

मी सासूबाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस?” त्या म्हणाल्या. “अक्षता पडल्या. आता कसली अडचण? ऊठ.”

मी तांब्या उचलला, पाणी संपलं होतं. मुलीने माझा हात धरला आणि दोन पावलांवर थांबली.

“आई, चाबी सच में खूँटी पर है?”

“हो. काल मीच टाकली.”

“उसे वहाँ मत रहने देना,” ती म्हणाली, आणि मग नाक पुसत, “मैं बारह तारीख को स्कूटर लेने आऊँगी. तब ढूँढनी पड़नी चाहिए.”