दाजींच्या फेट्याचा पुरावा

“ह्ये घे. दाखव जज्जला. केस खलास.”

दाजींनी माझ्या टेबलावर पेन ड्राइव्ह आपटला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उंब्रजच्या अलीकडे त्यांचं गाव, आणि तिथले ते पोलीस पाटील. मी कराडला वकिली करतो, फौजदारी. बाहेरचे लोक मला वकीलसाहेब म्हणतात. दाजींच्या लेखी मी अजून त्यांच्या लग्नात कान पिळायला आलेला चड्डीतला मेहुणा आहे.

तेव्हा दाजी आरोपी होते. बांधावरून भावकीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि फिर्यादीत दाजींचं नाव चौथं आलं. कलम खुनाच्या प्रयत्नाचं. फिर्यादीत वेळ होती दुपारी एकच्या सुमाराची. त्या वेळी दाजी फलटणला एका लग्नात होते. हे त्यांनी तपास करणाऱ्या फौजदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण लगीनसराईत आमच्याकडचा प्रत्येक आरोपी कुठल्या ना कुठल्या लग्नातच असतो. कुणी मनावर घेतलं नाही.

आता पुरावा आला होता. लग्नाचं न कापलेलं शूटिंग, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी माइकवर नावं पुकारून मान्यवरांना फेटे बांधतात. नवरा-नवरी ताटकळतात, मुहूर्त टळतो, पण एकही चेअरमन सुटत नाही. त्या रांगेत दाजी होते. एक वाजून गेलाय, दाजी खुर्चीत बसलेत, फेटेवाला मागून पीळ घालतोय आणि दाजी कॅमेऱ्याकडे बघून नवरदेवासारखे हसतायत. फलटणहून गावी यायला गाडीनं दोन तास तरी लागतात. इतका देखणा पुरावा माझ्या आख्ख्या वकिलीत माझ्या टेबलावर आला नव्हता.

“दाजी, सोनं आहे हे. पण आत्ता दाखवायचं नाही.”

“आँ?”

पुढच्या तारखेला आरोपनिश्चिती होती. पोलीस तपास संपवून कोर्टात दोषारोपपत्र देतात, ज्याला सगळे चार्जशीट म्हणतात. त्यावर खटला चालवायचा की नाही, हे जज आरोपनिश्चितीच्या वेळी ठरवतात. त्या दिवशी ते फक्त पोलिसांचे कागद वाचतात. हे सगळं खरं धरलं तर चालवण्यासारखं काही आहे का, एवढाच प्रश्न. असेल तर आरोप वाचून दाखवतात आणि खटला सुरू होतो. आरोपीची बाजू त्या दिवशी बघतच नाहीत. त्यामुळे आरोप ठेवले म्हणजे माणूस दोषी, असं अजिबात नाही. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोर जाणतं. धंद्याबाहेर कुणी जाणत नाही.

“म्हंजी माझं ऐकणारच न्हाईत?” दाजींनी विचारलं.

“आत्ता नाही. खटला चालल्यावर ऐकतील.”

“आरं, मी तितं नव्हतोच, तर खटला कशाचा?”

मला वाटलं, कुस्तीच्या भाषेत सांगावं. दाजी जुने तालमीतले. “कुस्तीची जोड लावताना पंच काय बघतात? दोघं तोलामोलाचे आहेत का, एवढंच. कोण चितपट होणार हे तेव्हाच ठरवतात का?”

“आनि पैलवान त्या दिवशी गावातच नव्हता म्हनून सांगितलं, तर जोड लावत्यात का?”

मी कुस्ती तिथंच सोडली.

मी दुसरं कारण सांगितलं. समोरच्या साक्षीदारांना आधी पिंजऱ्यात उभं राहू दे, शपथेवर ‘एक वाजता’ म्हणू दे. एकदा म्हणाले की त्यांना मागं फिरता येत नाही. मग आपण पडद्यावर फेटा बांधायचा. आत्ताच दाखवलं, तर ते सावध होतील.

दाजी उठले. “पंचनाम्यावर सह्या करून बोटं झिजली माझी, आनि तू मला कायदा शिकवतोस? खरं असंल ते मानसानं पैल्यांदा सांगावं. मागनं दाखवायला मी काय चोर हाय?”

रागाच्या भरात ते गेले, पण वाक्यात खोट नव्हती. खोट एवढीच, की ते देवळाच्या पायरीवर चाललं असतं. कोर्टाच्या पायरीवर नाही.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. “बाळू, आरोप ठेवलं म्हंजी गुन्हा शाबीतच की रं. पाटीलकी जाईल तर जाऊ दे. ह्यांना आत घालतील का?”

“नाही गं. जामीन तसाच राहतो.”

“मग तू गप का बसनार म्हन्तोस? ह्ये म्हन्तात, मेहुनाच हाय, फुकटातली केस, जोर लावंना.”

अक्काच्या घरी पाहुणे-रावळ्यांनी बैठक घेतली. बैठकीत एक मिलिटरीतून आलेला, एक सोसायटीचा सेक्रेटरी आणि बाकीचे टीव्हीवरचे खटले बघणारे. वकील बदलावा असं एकमतानं ठरलं. फाइल न्यायला दाजी स्वतः आले नाहीत, अक्काला पाठवलं. तिनं सोबत काकवीची बाटली आणली होती. फाइलच्या बदल्यात काकवी! मी फाइल दिली आणि बाटली ठेवून घेतली.

कोल्हापूरच्या नामांकित वकिलांनी दोषमुक्तीचा अर्ज केला. म्हणजे खटला न चालवताच आरोपीला सोडा, असा अर्ज. त्याला व्हिडिओ जोडला. कोर्टाच्या कँटीनमध्ये ते मला भेटले. मी विचारलं, “साहेब, आत्ता जज हा व्हिडिओ बघणार नाहीत, आणि तो समोरच्यांच्या हातात पडणार. तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे की,” ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले. “पण पक्षकाराला काहीतरी केलेलं दिसायला पाहिजे. तुमचे दाजीच म्हणाले, आत्ता दाखवत असाल तरच फाइल देतो.”

तारखेला मी मागच्या बाकावर बसलो, मेहुणा म्हणून. जज म्हणाले, “हा बचावाचा पुरावा आहे. खटल्यात दाखवा, तेव्हा जरूर बघू.” अर्ज फेटाळला. आरोप वाचून दाखवले. “गुन्हा कबूल आहे का?” दाजी कोर्ट हादरेल असं ओरडले, “अजाबात न्हाई!” सरकारी वकील ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे व्हिडिओची प्रत आपल्या फाइलला लावली.

संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरला: पोलीस पाटलासह चौघे दोषी. दाजींना पोलीस पाटील पदावरून निलंबित केलं. डेअरीवर दूध घालायला गेले, तर शेजारचा सहज म्हणाला, “पाटील, किती वर्साची लागली?” अक्कानं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. तिला मी परत एकदा सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “पन लोक म्हन्त्यात त्येचं काय?”

आणि मग पोलिसांनी कोर्टाच्या परवानगीनं पुढचा तपास केला. कायद्यात तशी सोय आहे. साक्षीदारांचे पुरवणी जबाब झाले. फिर्याद देताना घाबरल्यामुळे वेळ चुकीची सांगितली गेली, मारामारी प्रत्यक्षात चारच्या सुमारास झाली, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. जखमीला आधी गावातल्या डॉक्टरकडे नेलं होतं, दवाखान्यात दिवस मावळता आणलं. त्यामुळे तिथल्या नोंदीला एकची वेळही चालत होती आणि चारचीही.

खटल्यात व्हिडिओ लागला. भर कोर्टात दाजींना फेटा बांधला गेला. जजसाहेबांनी शेवटपर्यंत पाहिला. दाजी हट्टानं पिंजऱ्यात उभे राहिले. आरोपीनं साक्ष द्यायलाच पाहिजे असं नसतं, पण ऐकतंय कोण? सरकारी वकिलांनी मोजकंच विचारलं.

“फेटा बांधून झाल्यावर जेवलात?”

“न्हाई. म्हस व्यायला झालती. अक्षता टाकल्या आनि तसाच निघालो.”

“मग चारच्या आत गावात पोहोचला असाल.”

“व्हय, पोचलो की. गोठ्यात हुतो.”

“गोठ्यात तुमच्याबरोबर कोण?”

“आमची मालकीन.”

सगळं खरं होतं. अक्काची साक्ष झाली, पण बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार, असं धरून तिला फारसं वजन मिळालं नाही. साक्षीदारांनी वेळ बदलली, यावर कोल्हापूरकर जीव तोडून बोलले. जजनी खुनाचा प्रयत्न मानला नाही. गंभीर दुखापत मानली. चौघांना तीन-तीन वर्षं. म्हैस व्यायली त्या तासाला गोठ्यात असलेला माणूस कायद्यानं बांधावर उभा होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात दाजींनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता रडतील. मीही तयारीत होतो.

“बगितलंस?” ते म्हणाले. “तू पयल्या दिवशीच पेन ड्राइव्ह घेऊन जज्जाकडं गेला असतास, तर ह्यो दिस आला नसता. तू येळ घालवलास.”

मी म्हणालो, “व्हय दाजी.”

अपील दाखल झालं. निकाल लागेपर्यंत हायकोर्टानं शिक्षा थांबवली आणि जामीन कायम केला. एवढंच. शिक्षा रद्द झालेली नाही, अपील ऐकलंही गेलेलं नाही. उलट निकाल लागला तर दाजींना आत जावं लागेल. गावानं याचा अर्थ लावला, की हायकोर्टानं सोडलं. दाजींच्या दारात गुलाल उधळला. चौकात फ्लेक्स लागला, ‘अखेर सत्याचा विजय’, खाली कोल्हापूरच्या वकिलांचा फोटो.

रविवारी अक्का माझ्या घरी आली. काठापदराची साडी, हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची खूण होती.

“सुटलं रं बाळू तुझं दाजी.”

माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझी सवय माहीत आहे. मी आता आरोपनिश्चिती, शिक्षा आणि शिक्षेला स्थगिती असा तास घेणार, याची तिला खात्री होती. मी तोंड उघडलं आणि त्यात अक्कानं पेढा घातला.

अपिलाची तारीख लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत माझ्या बहिणीचा नवरा निर्दोष आहे. तोंडातला पेढा संपेपर्यंत गप्प बसण्याइतका कायदा मला आता येतो.