गावदेवीच्या नावाचा पासवर्ड

मंडळी, आत्ता कुठे जीव भांड्यात पडला!

बंदरातला माल कस्टममधून सोडवणाऱ्या आमच्या क्लिअरिंग ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळते. आज सकाळपासून आमचे मेल परत येत होते आणि कागदपत्रं न पोचल्यामुळे न्हावा शेवा बंदरात कंटेनर अडकला होता. बघते तर काय, कुणीतरी आमच्या अकाउंटवरून वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती जगभर पाठवत होतं! त्यामुळे आमचा सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे आमचा मेल कुणी घेईचना.

शिरले कसे? सगळ्यांचा पासवर्ड एकच, गावदेवीचं नाव. तेच ऑफिसच्या पाटीवर, तेच ट्रकच्या काचेवर.

बदलायला घेतला तर शेठ तडकले. "देवीचं नाव काढायचं नाय! तीच सांभाळते आपल्याला."

"सांभाळेल हो शेठ, पण आपण किल्ली दारावरच टांगून ठेवलीय ना!"

शेठनी एकदा पाटीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बरं, बदल. पण माझा मीच ठरवणार."

प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, साचलेला स्पॅम पुसला, ब्लॅकलिस्टवाल्यांना आमचं नाव काढायची विनंती केली. संध्याकाळी मेल पोचला, कंटेनर सुटला.

खूश होऊन शेठनी आपला नवा पासवर्ड अख्ख्या ऑफिसला मोठ्याने ऐकवला.

उद्या पुन्हा बदलते. तुमचं ऑफिस कुठल्या देवाच्या भरवशावर चाललंय?