'म्हणे'च्या पोटात कोण?

"अम्मा, बी संपले," फोरमन कन्नन म्हणाला.

तिरुवल्लिकेणीतला आमचा छापखाना काही बियाण्याचं दुकान नव्हता. संपला होता इंग्रजी बी, शिशाचा खिळा. तेव्हा एकेक अक्षराचा खिळा हाताने जुळवून पान तयार होई. खणात खिळे असतील तेवढंच छापता येई.

मी तिथे प्रूफरीडर. नवीकोरी इंग्रजीची एम.ए. आणि अक्कल माझ्यापासूनच सुरू झाली अशी खात्री. प्रोबेशन संपत आलं होतं. नोकरी पक्की होणार की नाही, ते आमचे मालक नायडूसार ठरवणार होते.

पुस्तक होतं मुहंमद पैगंबरांचं चरित्र, जुन्या अरबी ग्रंथांवरून इंग्रजीत लिहिलेलं. लेखक अरबीचे निवृत्त प्रोफेसर, अर्धं आयुष्य त्यात घातलेले. प्रत्येक हकिगतीआधी ती कुणी कुणाकडून ऐकली याची नावं. पैगंबर आपल्या चपला आपणच शिवत, हे सांगायला एक ओळ, आणि त्याआधी चार ओळी नुसती नावं. या साखळीला इस्नाद म्हणतात. त्यात पावलोपावली 'इब्न', म्हणजे अमक्याचा मुलगा. इंग्रजीत त्याचा होतो नुसता बी आणि टिंब. असे ते बी संपले.

कन्नन हार मानणारा नव्हता. त्याने क्यू उलटे लावायला घेतले. उलटा क्यू बीसारखा दिसतो, जरा लंगडतो एवढंच. पण मजकुरात इराक, इस्हाक! संध्याकाळपर्यंत क्यूही संपले.

कॉफी पिताना मी आमच्या टायपिस्टला, मेरीला, सहज म्हटलं, "इतकी नावं वाचतो कोण? प्रोफेसरांनाही नकोच असतील. भिडेपोटी ठेवली असतील."

दोन दिवसांनी नायडूसारांनी बोलावलं.

"अम्मा, लेखकालाच ती नावं नकोत म्हणे. काढून टाका."

"मला तेच वाटलं होतं, सार!"

अरबीच्या पंडिताचं आणि माझं मत जुळलं! त्या दिवशी घरी सासूबाईंशीसुद्धा मी जरा चढ्या आवाजात बोलले. मग लाल पेन्सिल घेऊन हस्तलिखितातली माणसं बापांसकट खोडत सुटले. प्रकरण कसं सडसडीत झालं. प्रूफ प्रोफेसरांकडे गेलं.

प्रूफामागोमाग प्रोफेसर आले. शेरवानी, हातात छत्री. ओरडले असते तर बरं, पण आवाज चढलाच नाही.

"नायडू, माझं हस्तलिखित परत द्या. मी दुसरा छापखाना बघतो."

"पण साहेब, नावं नकोत असं तुम्हीच ना..."

"मी? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कन्ननने."

कन्नन आला. त्याला मेरीने सांगितलं होतं. मेरी आली. सभ्य मुलगी, बोट दाखवलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

"आणि तुला कुणी सांगितलं, बेटी?"

"नायडूसारांनी," मी ठणकावून म्हटलं.

"त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी..." मी लाल पेन्सिल खाली ठेवली. "त्याच्याआधी माझं मलाच वाटलं होतं."

प्रोफेसर हसले. तेच जास्त लागलं.

"बघा. चौघंही भली माणसं. ठरवून खोटं कुणी बोललं नाही. मी राहतो मागच्या गल्लीत, विचारायला यायचं तर चप्पलसुद्धा झिजली नसती. तरी मी न बोललेलं माझ्या नावावर जमा. नायडू, तुमच्या त्या एका 'म्हणे'च्या पोटात एवढी माणसं निघाली. आणि पैगंबरांबद्दल लिहिताना मी नावं गाळू?"

नायडूसार माझ्याकडे बघत होते. मी टेबलावरचा खोडरबर उचलला.

हस्तलिखित राहिलं. प्रोफेसरांनी अट एकच घातली, सगळी नावं याच मुलीने मोठ्याने वाचायची, ते समोर बसून ऐकणार. कन्ननने थोडीथोडी पानं जुळवायची, छापायची, मोडायची आणि तेच बी पुन्हा वापरायचे असं धोरण धरलं. पुस्तक पुढच्या रमजानला निघालं, सगळ्या बापलेकांसकट. एकही क्यू लंगडला नाही.

माझं प्रोबेशन मात्र वाढलं. नायडूसार म्हणाले, "अम्मा, तुमचं काम उलट्या क्यूसारखं आहे. लांबून बरोबर दिसतं."

तेव्हापासून घरात कुणी 'म्हणे' म्हटलं की मी विचारते, कुणी सांगितलं? परवा सून म्हणाली, "वरच्या मजल्यावरचे घर विकताहेत म्हणे." तिला दूधवाल्याने सांगितलं, दूधवाल्याला इस्त्रीवाल्याने. मी काठी टेकत खाली गेले.

इस्त्रीवाला म्हणाला, "आजी, तुम्हीच नाही का सांगितलं?"

बातमीचा माग जरूर काढावा. पण सुरुवात आपल्या दारापासून करावी, जिने वाचतात.